निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाने एकाच वेळी तीन संसार थाटले आहेत. वैद्य तो शब्द वापरतो तेव्हा रोगाचे मूळ शोधून काढणे असा त्याचा अर्थ होतो. गृहिणी वापरते तेव्हा ‘निदान पाहुण्यांपुढे तरी नीट वागा’ असा होतो. आणि जुना कोश उघडून पाहावा तर त्यात आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे शेवट, अखेरची घटका. मूळ कारण, कमीत कमी अपेक्षा आणि शेवट ही तीन टोके एका शब्दात कशी येऊन बसली, असा प्रश्न मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला घालतो आणि दरवर्षी वर्ग मला एक सामुदायिक जांभई देतो. वर्गाचा दोष नाही. २०२२ सालच्या पावसाळ्यापर्यंत माझाही त्या तीन अर्थांशी संबंध कोशापुरताच होता.

त्या वर्षीच्या आषाढात एके सकाळी माझी उजवी पापणी सुजली. डोळा लाल झाला आणि डोळा इकडून तिकडे फिरवला की आत, पार खोबणीत, कुणीतरी दाभण टोचल्यासारखी कळ येऊ लागली. आईने चष्मा लावून एकदा निरखले आणि निकाल दिला, “डोळे आलेत. मुलीचा टॉवेल घेऊ नकोस.” डोळे येणे हा आमच्या घरी पावसाळ्यातला नित्याचा पाहुणा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही थेंब दिले, गोळ्या दिल्या. पण पाचव्या दिवशी पाहतो तो माझा डोळा मराठी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ करून बसला होता. तो खरोखरच ‘आला’ होता, म्हणजे पुढे आला होता!

वर्गात गेलो तर मागच्या बाकांवरची कुजबुज एकदम बंद. वीस वर्षांच्या नोकरीत मला मुलांवर डोळे वटारणे कधी जमलेले नाही. आता एक डोळा आपणहून वटारला गेला होता आणि त्याचा परिणाम पाहून मी चकित झालो. हा आनंद फार टिकला नाही. उजव्या बाजूच्या रांगेकडे पाहिले तर एकेका मुलाची दोन-दोन मुले दिसू लागली. हजेरी वाढावी ही प्रत्येक अध्यापकाची इच्छा असते, पण ती अशा रीतीने पूर्ण होऊ नये. मी पुस्तक मिटले आणि वर्ग सोडला. आमचे डॉक्टर फार सरळ गृहस्थ आहेत. त्यांनी डोळा पाहिला आणि सांगितले, “हे माझ्या आवाक्यातलं नाही. आजच्या आज डोळ्याच्या खोबणीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.” डोळ्याच्या डॉक्टरांतही खोबणीचे निराळे डॉक्टर असतात, हे मला त्या दिवशी कळले.

या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांच्या टेबलावर एक कवटी होती. तिच्या डोळ्याच्या खड्ड्यात पेन्सिल फिरवीत त्या मला समजावू लागल्या. ही खोबण सात हाडांची मिळून झालेली असते. आत जागा किती? सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या लहान बाटलीइतकी. एवढ्या जागेत कोण कोण राहतात पाहा! पाऊण इंचाहून मोठा, चोवीस मिलिमीटर व्यासाचा डोळा. त्याला फिरवणारे सहा स्नायू. पापणी उचलणारा सातवा. मेंदूकडे दृष्टी वाहून नेणारी जाडजूड नस. बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात अश्रूंची ग्रंथी. शिवाय रक्तवाहिन्या, आणि उरलेल्या फटींत चरबीची गादी. मला आमच्या लहानपणच्या चाळीतली खोली आठवली. भिंती पक्क्या, बिऱ्हाड मोठे आणि दार एकच. अशा खोलीत एखाद्याचे अंग सुजले तर भिंत सरकत नाही; दाराशी बसलेला माणूस गॅलरीत ढकलला जातो. माझ्या डोळ्याचे तेच झाले होते.

“आणि जो आत, मागच्या भिंतीला टेकून बसलाय त्याचं काय?” मी विचारले.

“तीच तर काळजी असते, सर,” त्या म्हणाल्या. “मागे ती नस आहे. ती दाबली गेली तर नजर जाते.”

त्यांनी दोन छोट्या आरशांची एक पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरून मोजमाप घेतले. डावा डोळा सतरा मिलिमीटर, उजवा एकवीस. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की आत काहीतरी शिजते आहे असे समजावे. माझ्यात चारांचा होता. मग त्यांनी एका बाटलीचे लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवले. दोन्ही डोळ्यांना लाल सारखेच लाल दिसते का? दिसत होते. नस दबू लागली की पुष्कळदा आधी लाल रंग फिका पडतो. “हे घरी रोज सकाळी पाहायचं. लाल फिका वाटला तर वेळ न घालवता इथं यायचं.” घरी ही परीक्षा आईच्या कुंकवाच्या करंड्यावर होऊ लागली. देवपूजा आटोपली की आई करंडा उघडून माझ्यापुढे धरी. मी आधी डावा डोळा झाकी, मग उजवा. मी ‘लाल’ म्हणेपर्यंत तिचा हात हलत नसे.

त्यानंतर सुरू झाली ती वजाबाकी. शाळेपासून गणिताने मला छळले, पण इतके कधीच नाही. डोळा पुढे येण्याचे मोठ्या माणसांतले सर्वांत सामान्य कारण म्हणजे थायरॉइडचा विकार. म्हणून त्याचे रक्त तपासले. सायनसमधला पू खोबणीत उतरतो, म्हणून नाकात दुर्बीण घालून पाहिले. क्षयासाठी छातीचा एक्स-रे झाला. सार्कॉइड नावाच्या विकाराची आणि रक्तवाहिन्यांच्या दाहाची चौकशी झाली. एम.आर.आय. यंत्राच्या भुयारात अर्धा तास ढोल ऐकत पडलो. चित्रात दिसले ते असे : डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा स्नायू सुजला होता आणि त्याच्या वरची अश्रुग्रंथीही फुगली होती. थायरॉइडच्या विकारात स्नायूचे पोट सुजते, पण तो डोळ्याला जिथे चिकटतो तो कंडरा बहुधा वाचतो. माझा स्नायू थेट कंडऱ्यापर्यंत सुजलेला. एक नाव खोडले गेले. पू नव्हता, ताप नव्हता. दुसरेही खोडले गेले. यादीच्या तळाशी एक नाव उरले, ते बाईंनी आवाज थोडा खाली आणून घेतले : लिम्फोमा. म्हणजे कर्करोगाची एक जात.

त्या रात्री आमची ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “निदान होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही हं. निदान आईंना तरी.” मराठीच्या अध्यापकाने तिथेही दोन्ही निदाने मोजली. दुसऱ्या काही विचारापेक्षा ते बरे होते.

पण घरात अशी गोष्ट लपत नाही. आमचे मेहुणे औषधांच्या व्यवसायात आहेत. ते धावत आले आणि सगळे कागद पाहून म्हणाले, “भाऊजी, एवढे दिवस कळ का सोसताय? स्टिरॉइड सुरू करा. दोन दिवसांत सूज उतरेल. उतरली म्हणजे निदान झालंच की!” माणूस मायेने बोलत होता आणि त्यांचे पहिले वाक्य खोटेही नव्हते. दुसरीकडे आमच्या शेजारच्या काकांनी ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच कानांवर हात ठेवले. त्यांचेही चुकीचे नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला होता. करोनातून उठलेली माणसे. त्यांतल्या अनेकांना मधुमेह, अनेकांच्या पोटात स्टिरॉइड गेलेले. बुरशी नाकातून खोबणीत शिरे आणि जीव वाचवण्यासाठी कित्येकांचा डोळा काढावा लागे. ज्या घरात असा एक चेहरा पाहिलेला आहे, तिथे हा शब्द सहज उच्चारता येत नाही.

म्हणजे एकच औषध, आणि घरात त्याचे दोन पक्ष! मी दोन्ही पक्षांची बाजू डॉक्टरीणबाईंपुढे मांडली. त्या हसल्या. “सर, स्टिरॉइड म्हणजे वर्गात शिरणारे प्रिन्सिपॉल. ते आले की सगळा वर्ग गप्प. पण दंगा कोण करत होतं ते मग कळत नाही. साध्या दाहाची सूज स्टिरॉइडनं उतरते, तशी लिम्फोमाचीही काही काळ उतरते. आपण आनंदात राहायचं आणि तो पुन्हा डोकं वर काढायचा. शिवाय औषध आधी दिलं तर बायॉप्सीत काढलेल्या तुकड्यातली खूण पुसट होते. आणि आत बुरशी असेल तर हेच औषध तिला मोकळं रान देतं. नुसता स्नायूच सुजला असता तर मी कदाचित थेट औषध दिलं असतं. पण तुमची ग्रंथी हाताला येण्याजोगी आहे. तुकडा काढून पाहूच. लाल रंग जोवर लाल आहे तोवर आपल्याला थांबायला सवड आहे.”

आराम पडणे आणि निदान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इतक्या स्वच्छ कुणी सांगितले नव्हते. आपण मध्यमवर्गीय माणसे आरामाची गिऱ्हाइके. डोके दुखले की गोळी, दुखायचे थांबले की विषय संपला. कळ सहन होत असताना, औषध हाताशी असताना, ते न घेता नाव कळण्याची वाट पाहायची, हे आपल्या अंगवळणी नाही. मी ते नऊ दिवस काढले. मुलीने माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेला पांढरा कागद चिकटवून दिला, म्हणजे दोन-दोन जगे दिसायची थांबली. एका डोळ्याने मी पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राही आणि पाठीवरची नावे वाचता येतात का, ते पाही. नावे वाचता येत. पण लोटीतले पाणी पेल्यात ओतायला गेलो की धार पेल्याच्या बाहेर पडे. दोन डोळे देवाने शोभेसाठी दिलेले नाहीत, हे फरशी पुसताना नीट समजते.

पापणीला मुळातच जी घडी असते तिच्यातून छेद घेऊन त्यांनी ग्रंथीचा तुकडा काढला. आज तो व्रण मलाही शोधावा लागतो. आठवड्याने अहवाल आला. त्यात दाहाच्या पेशी होत्या, निरनिराळ्या जातींच्या मिसळलेल्या; एकाच कुळाची गर्दी नव्हती. तंतूंचे जाळे होते. क्षयाची खूण नव्हती, बुरशी नव्हती, कर्क नव्हता. बाईंनी नाव सांगितले : इडियोपॅथिक ऑर्बिटल इन्फ्लमेशन. खोबणीचा इडियोपॅथिक दाह.

भाषेच्या माणसाला शब्द फोडल्याशिवाय चैन पडत नाही. ग्रीकमध्ये ‘इडियोस’ म्हणजे स्वतःचा, खासगी. ‘पॅथोस’ म्हणजे दुखणे. ज्याचे त्याचे स्वतःचे दुखणे! मी विचारले, “म्हणजे कारण माहीत नाही, असंच ना?” त्या म्हणाल्या, “असंच. पण काय नाही, हे आता पक्कं माहीत आहे.” बाहेर बाकावर बसलेल्या हिला मी इतकेच सांगितले, “कर्करोग नाही.” तिने पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या हातातली फाईल पुसू लागली.

या दुखण्याचे जुने नाव तर याहून मजेचे आहे : स्यूडोट्यूमर, म्हणजे खोटी गाठ. १९०५ साली बिर्श-हिर्शफेल्ड या जर्मन नेत्रवैद्याने ते रूढ केले. गाठ समजून खोबण उघडावी आणि आत गाठ नसून नुसता दाह सापडावा, असे रोगी तेव्हाच्या वैद्यांना भेटत. स्कॅन नव्हते. खोटी गाठ खोटी आहे हे कळायला कित्येकदा खरी शस्त्रक्रिया करावी लागे. आणि कळल्यावरही हाताशी औषध कुठे होते? ते आले १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाची दुसरी बाजूही तिथल्या लोकांना लवकरच दिसू लागली होती.

दोन्ही बाजू मीही पाहिल्या. माझ्या वजनाच्या किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबाने रोज सकाळी न्याहारीनंतर साठ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झाले. हा हिशेब माझा. कृपा करून तो कुणी कापून कपाटाला लावू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळ गेली. आठवड्यात डोळा आपल्या घरात परतला. पंधरा दिवसांत प्रत्येक विद्यार्थी पुन्हा एकेकटा झाला. पण मग रात्री तीन वाजता टक्क जाग येऊ लागली, साखर वाढू लागली आणि भूक तर अशी, की २०२२ च्या दिवाळीत हिला चिवड्याचा डबा कुलपात ठेवावा लागला. चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला. सासुरवाडीच्या पाडव्याला एक वृद्ध आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, “जावईबापूंची तब्येत काय सुधारली हो!” सबंध आजारात माझ्या प्रकृतीचे कौतुक तेवढे एकदाच झाले.

डोळा बरा दिसू लागला की गोळी एकदम सोडून द्यावी असा मोह होतो. ते करू नये. बाहेरून औषध मिळू लागले की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी आपले नेहमीचे काम सोडून निजतात. त्यांना हळूहळू उठवावे लागते. म्हणून मात्रा पायरीपायरीने, महिनोन् महिने उतरवायची. २०२३ च्या जानेवारीत मी दहावर आलो आणि पापणी पुन्हा सुजली. हे दुखणे असे परतून येते. मग थोडे दिवस मात्रा वाढवून जोडीला मेथोट्रेक्सेट दिले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून आईने भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक शनिवारी कुंकवाचे बोट लावून ठेवले. मारुतीचा वार आणि गोळीचा वार एक झाला. यकृत आणि रक्तपेशी ठरावीक काळाने तपासून घ्याव्या लागत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात स्टिरॉइड सुटले. २०२५ च्या जूनमध्ये शनिवारही मारुतीला परत केला.

एकाच बाजूचा डोळा सुजला, आत ठणकू लागला, पुढे आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ते ‘डोळे आले’ म्हणून घरच्या थेंबांवर सोडू नये, एवढे या अनुभवावरून वाचकांना हक्काने सांगतो. आणि डॉक्टर जेव्हा औषधाच्या आधी आणखी एक तपासणी सांगतात, तेव्हा ती का, हे विचारावे. नीट उत्तर मिळाले तर थांबावे.

‘कारण माहीत नाही’ या शब्दांवर मात्र मी आता पूर्वीसारखा रागावत नाही. १८८८ साली कोनिग्सबर्गला मिकुलिच या शल्यवैद्याने एक शेतकरी पाहिला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या अश्रुग्रंथी आणि लाळेच्या ग्रंथी फुगल्या होत्या. का, ते कुणालाच कळेना. पुढे शंभराहून अधिक वर्षे तसल्या रोग्यांना मिकुलिचचेच नाव चिकटून राहिले. मग २००१ मध्ये जपानी संशोधकांनी स्वादुपिंडाच्या एका दाहात रक्तातले आयजीजी-४ नावाचे प्रथिन वाढलेले दाखवले आणि थोड्याच वर्षांत फुगलेल्या अश्रुग्रंथींचाही धागा त्याच्याशी जुळला. ‘खोटी गाठ’ म्हणून नोंदलेल्या जुन्या रोग्यांचे जपून ठेवलेले तुकडे वैद्यांनी पुन्हा बाहेर काढले, नव्या रंगांनी रंगवून पाहिले आणि त्यांतल्या काहींना खरे नाव मिळाले. कारण माहीत नसलेल्यांच्या खोलीतून काही बिऱ्हाडे हक्काच्या घरी राहायला गेली.

माझ्या तुकड्यात ते प्रथिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम चार-दोनच निघाल्या. मी अजून त्या जुन्या खोलीतच आहे. पण शेवटच्या भेटीत बाईंनी सांगितले, की तो तुकडा मेणाच्या एका वडीत घालून त्यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात क्रमांक टाकून ठेवला आहे.